उभ्या गाडीचा खडखडाट



आज आपण गाडीच्या आवाजाविषयी बोलणार आहोत. गाडी म्हणजे चारचाकी, आणि आवाज म्हणजे ती रस्त्याने पळताना येतो तो नव्हे. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, रेसवर कोणाचा पाय नाही, आणि खालून खडखड, खडखड असा पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो, तो. गाडी निघाली, थोडा वेग घेतला की आवाज गायब. पुन्हा रेल्वे फाटकापाशी थांबली की सुरू.

बायांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. पण आता बचत गटांकडे गाड्या आल्या आहेत. केंद्र सरकारने 2017 मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली, तिचा उद्देशच हा होता की गटातल्या बायांनी गाडी घ्यावी, चालवावी आणि आडवळणाच्या गावांना वाहतूक मिळावी. आमची गाडी त्या योजनेतली नाही. ती आम्ही तीन गटांनी मिळून जुनी विकत घेतली. आपल्या भागात सगळे जिला नुसतं व्हॅन म्हणतात ना, तीच, मारुती ओम्नी. ही गाडी 1984 साली बाजारात आली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी आता जुनीच. जुन्या गाडीचे बोल्ट गंजणार, रबर कडक होणार, पत्रा सैल होणार. त्यात आपले रस्ते आणि रोवणीच्या दिवसांतला चिखल. आवाज येणारच. प्रश्न एवढाच, की कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा, हे ओळखायचं कसं.

तिन्ही गटांत मिळून आम्ही 36 जणी. प्रत्येकीची बचत महिन्याला 100 रुपये. गाडीतून आमचा चिन्नोर तांदूळ, पोहे, शेवया, लोणचं असा माल भंडाऱ्याला जातो, कधी प्रदर्शनाला नागपूरला जातो. गाडीची नोंदणी खासगी आहे, म्हणून भाडं घेऊन माणसं नेत नाही, एवढं सांगून ठेवतो, कारण ते पुष्कळ जणी विचारतात. चालवायला आमच्यातल्या दोघी शिकल्या, दोघींकडे परवाना आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी हा खडखडाट सुरू झाला. एका गॅरेजला दाखवली. तिथे गाडी दोन मिनिटं चालू ठेवून, बॉनेट न उघडता सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. 18,000 धरून चाला." आता 36 जणींचे महिन्याला 3,600 रुपये होतात. म्हणजे 18,000 रुपये ही तिन्ही गटांची पाच महिन्यांची बचत. शिवाय इंजिन खोललं की आठ-दहा दिवस गाडी बंद, आणि समोर दिवाळीचा माल. गावात बोलणारे बोलायला लागलेच होते की बायांनी भंगार गळ्यात बांधून घेतलं, आता विका. आमच्यातल्याही काही जणी डगमगल्या. कर्जाचा हप्ता चालू असताना असा खर्च डोक्यावर आला की गटात कुरबुर होते. बैठकीत आवाज चढतात, कोणी हप्ता थांबवायचं बोलतं. गट गाडीपायी मोडतो की काय, अशी वेळ येते.

बैठकीत आमच्यातल्या एक मावशी होत्या, वय साठीच्या वर, गाडीत बसतात तेवढाच गाडीशी संबंध. त्या म्हणाल्या, "अवं, इंजिन बिघडलं तं गाडी चढावावर दमली असती. हे तं पातेल्यावरचं झाकन वाजते तसं वाजून राहिलं."

मावशींच्या या बोलण्यावर आम्ही थांबलो. आपण आवाज ऐकून किती गोष्टी ओळखतो बघा. मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून घेतो. खणखण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर. आपला भंडारा तर पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून ओळखला जातो. इथल्या जुन्या बायांना गुंडाचा नुसता आवाज ऐकून सांगता येतं की डाग दिलेला आहे की अख्खा आहे. कुकरमध्ये पाणी संपलं तर शिटीचा आवाज बदलतो, ते दुसऱ्या खोलीतून कळतं. मग गाडीपाशीच आपला कान का बंद व्हावा? तिथे आपण म्हणतो, हे माणसांचं काम. आणि मिस्त्री सांगेल ते ऐकतो.

आधी हे समजून घेऊ की आवाज फक्त उभ्या गाडीतच का येतो. ओम्नीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, 796 सीसीचं. तिघी जणी एकाच उखळात धान कांडतात तेव्हा एकीचं मुसळ खाली, दुसरीचं मध्ये, तिसरीचं वर, असा ताल असतो. इंजिनात तसंच चालतं. रेस न देता इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं असं धरू. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे एकाचे मिनिटाला 400 धक्के, तिघांचे 1,200. सेकंदाला 20 धक्के. हे धक्के गाडीच्या सगळ्या पत्र्यांना, नळ्यांना पोचतात. ज्या पत्र्याचा स्वतःचा थरथरण्याचा वेग या धक्क्यांशी जुळतो, तो नाचायला लागतो. झोक्याला बरोबर वेळेवर हात लावला की तो उंच जातो ना, तसंच. रेस दिली की धक्के वाढतात, जुळणी मोडते, पत्रा गप्प बसतो. भाताच्या पातेल्यावरचं झाकण एका ठरावीक उकळीलाच वाजतं, आच कमी केली की थांबतं. मावशींनी सांगितलं ते नेमकं हेच.

त्यामुळे पहिली खूण लक्षात ठेवा. रेस हळूहळू वाढवली आणि आवाज थांबला, तर बहुतेक वेळा काहीतरी बाहेरचं सैल आहे. रेस वाढवली तसा आवाजही वाढत, जलद होत गेला, तर तो इंजिनाच्या फिरणाऱ्या भागातून येतोय असं समजावं. ही खूण शंभर टक्के नाही, पण चांगली सुरुवात आहे.

आता कान लावायच्या आधीची तयारी. हे नीट ऐका, कारण इथे हयगय केली तर हात जाईल. गाडी सपाट जागी, उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, चाकांच्या पुढेमागे विटा. पदर कमरेला घट्ट खोचलेला, नाहीतर सरळ सलवार-कुर्ता घालून ओढणी काढून ठेवलेली. वेणी वर बांधलेली. बांगड्या काढल्या तर उत्तम. इंजिनाला पट्टा असतो तो फिरत असतो, आणि पाणी थंड करायचा पंखा गाडी बंद केल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो. पदर त्यात गेला तर ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. लहान पोरांना दूर ठेवा. गाडीखाली वाकायचं असेल तेव्हा इंजिन बंद, आणि किल्ली आपल्या कनवटीला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, म्हणजे कोणीही जायचं नाही.

मग आम्ही गाडी पूर्ण रिकामी केली. हे ऐकायला फालतू वाटेल, पण खडखडाट शोधताना पहिलं काम हेच. जॅक, पाना, वजनं, तराजू, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. मागच्या सीटखाली एक स्टीलचा पेला सापडला, तो कोणाचा यावर अजून वाद आहे. आवाज पेल्याचा नव्हता. नंबर प्लेट हाताने दाबून पाहिली, दारं दाबून पाहिली, सीटची कडी पाहिली. आवाज तसाच.

नंतर तेल. गाडी बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, म्हणजे तेल खाली उतरतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, सीट उचलली की दिसतं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि काढून पाहायची. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. तेल कमी असेल तर इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक टिकटिक येते, शिवणयंत्रासारखी. तेल भरल्यावर ती जायला पाहिजे. आणि गाडी चालू असताना समोर तेलाच्या झारीसारखं लाल चित्र पेटलं, तर घर अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी गाडी जागेवर बंद करायची. ओढून न्यायची. तेलाशिवाय इंजिन चालवलं की मग खरोखरच 18,000 पुरत नाहीत. तसंच जड, खोल, ठोक्यासारखा धबधब आवाज, जो गाडीवर भार पडला की वाढतो, तो आला तरी गाडी चालवायची नाही. तो पत्र्याचा आवाज नव्हे, तो आतल्या बेअरिंगचा. खडखड आणि धबधब यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवायला नको, डबा वाजणं आणि जातं अडकणं यात जेवढा फरक आहे तेवढाच तो आहे.

आमच्या गाडीचं तेल बरोबर होतं.

मग क्लच. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, एकीने क्लच पूर्ण दाबायचा, दुसरीने बाहेर उभं राहून ऐकायचं. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघावं लागतं. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचच्या बेअरिंगकडे. दोन्ही वेळा गॅरेजला जावंच लागतं, पण आपण "आवाज येतो हो" न म्हणता "क्लच दाबला की आवाज थांबतो" असं सांगू शकतो. समोरच्याला लगेच कळतं की ही बाई बघून आली आहे. आपल्याच जिल्ह्यात, गडेगावला, अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. गिअर म्हणजे कुठल्या परक्या मुलखातली विद्या नाही, सांगायचं एवढंच.

आमच्या गाडीत क्लच दाबून काही फरक पडला नाही. राहिली खालची बाजू.

इथे आम्ही फुंकणी वापरली. हो, चुलीची फुंकणी. हातभर लांब लोखंडी नळी. तिचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं आवाजाच्या दिशेने न्यायचं. पट्टा आणि पंख्यापासून लांब, आणि तापलेल्या नळीला न टेकवता. सगळीकडून येणाऱ्या आवाजातून एकाच जागेचा आवाज वेगळा होतो. डॉक्टर छातीला नळी लावतात त्यातलाच प्रकार. मोठ्या शहरातले मिस्त्री यासाठी लांब पेचकस नाहीतर रबरी नळी वापरतात. रबरी नळी असेल तर अधिक बरं, भाजण्याची भीती नाही. फुंकणी सीटखालच्या इंजिनाजवळ नेली तर आवाज दूरचा. डाव्या-उजव्या बाजूने खाली, सायलेन्सरच्या नळीच्या रोखाने धरली तर कानात खडखड.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, खाली बारदाना अंथरून आमच्यातली एक जण आडवी झाली. इंजिन बंद. हातात लाटणं. सायलेन्सरच्या नळीला ठिकठिकाणी हलकं ठोकत गेली. एका जागी नेमका तोच आवाज, खडखड. नळीवर एक पातळ पत्रा बसवलेला असतो, उष्णता वर जाऊ नये म्हणून. त्याच्या दोन बोल्टांपैकी एक गंजून गळून गेला होता. दुसऱ्याच्या भोवतीचं भोक इतकं मोठं झालं होतं की पत्रा नुसता लटकत होता. थंड असताना ठोकायचं हे विसरू नका. चालू गाडीची ही नळी काही शे अंश तापते, तव्यापेक्षा जास्त.

ठोकताना आणखी दोन आवाज येऊ शकतात, ते सांगून ठेवतो. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज नळीच्या जाड भागातून आला, तर धूर स्वच्छ करणारी जी आतली जाळी असते ती फुटलेली असते. तो भाग बदलावा लागतो आणि तो महाग असतो. काही जण म्हणतात, आतली जाळी काढून फेका, गाडी मोकळी पळेल. ऐकू नका, धूर वाढतो आणि पीयूसीला अडकता. दुसरा, नळी लटकवणारी रबरं तुटली असतील तर पूर्ण नळी हलते आणि गाडीच्या तळाला आपटते. रबरं स्वस्त असतात, लगेच बदलावी.

आता आमच्या पत्र्याचं काय करायचं? दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथल्या मुलाने गाडी वर घेऊन पाहिली आणि आमचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. पण पुढे म्हणाला, "काकू, पत्रा तोडून फेकतो, दोन मिनिटांचं काम, पैसेही नको." मुलगा प्रामाणिक होता, पैसे वाचवायलाच सांगत होता. तरी आम्ही नको म्हटलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे धान कापणीनंतर गाडी कुठे उभी राहते? खळ्यावर. बांधावर. खाली तणस पसरलेली, शेजारी पुंजणं रचलेलं. तापलेल्या नळीखाली वाळलेलं गवत किंवा तणस आली की ती पेट घेऊ शकते, आणि पुंजण्याशेजारी पेटली तर वर्षाचं धान आणि गाडी दोन्ही जातं. हा पत्रा त्या उष्णतेला आडोसा देतो. वर गाडीचा तळ आणि तारा असतात, त्यांनाही तो जपतो. म्हणून पत्रा काढायचा नाही, बसवायचा. आणि पत्रा जागेवर असला तरी चालून आलेली गाडी तणशीवर उभी करायचीच नाही, हे आम्ही गाडीच्या दारावर आतून लिहून चिकटवलं आहे.

पत्रा बसवला तो असा. नळीला आवळायची स्टीलची क्लिप मिळते, पेचकसाने आवळता येते, हार्डवेअरच्या दुकानात असते. नळीच्या घेरापेक्षा थोडी मोठी घ्यायची. नळी थंड असताना पत्र्यावरून आणि नळीवरून अशा दोन क्लिपा घालून आवळल्या, गळालेल्या बोल्टाच्या जागी मोठ्या वॉशरसकट नवा बोल्ट. प्लास्टिकची पट्टी, रबर, सुतळी इथे चालत नाही, वितळते किंवा पेटते. साध्या तारेने बांधलं तर ती काही दिवसांत सैल होते. दोन क्लिपा, बोल्ट, वॉशर आणि त्या मुलाची मजुरी मिळून 230 रुपये झाले. मजुरी आम्ही आग्रहाने दिली. गाडी वर घेऊन, अर्धा तास खाली उभं राहून त्याने पाहिलं होतं, त्याचं काम फुकटचं नाही.

आता जरा लांबची गोष्ट. जगात मोटारगाडी नवीनच निघाली होती तेव्हाची, 1888 सालची. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी गाडी बनवली, पण ती लांब जाईल यावर लोकांचा विश्वास नव्हता. त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ ऑगस्ट महिन्यात दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी घेऊन माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. आपल्या हिशेबात सांगायचं तर भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन जवळपास परत यावं एवढं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावायच्या लांब पिनेने साफ केली. एक तार उघडी पडली, तिच्याभोवती मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं तर एका गावात चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, कारण पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. गाडी दुरुस्त करणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई होती आणि तिची हत्यारं अंगावरची होती. आमची फुंकणी आणि लाटणं पाहून हसणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

एका गोष्टीकडे मात्र हसण्यावारी नेऊ नका. खडखडीबरोबर फट्‌फट् असा फुसफुसणारा आवाज येत असेल, तर नळीला भोक पडलेलं असू शकतं किंवा जोड सुटलेला असतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो आणि ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवल्यामुळे माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या आपण ऐकतो, तोच हा वायू. व्हॅनमध्ये इंजिन आणि नळी आपल्या सीटखाली. थंडीच्या दिवसांत काचा बंद करून मागे बाया आणि लेकरं बसलेली. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, एकाच वेळी दोघी-तिघींना गळून गेल्यासारखं वाटलं, तर गाडी थांबवा, सगळे बाहेर या, आणि गरज वाटली तर दवाखान्यात जा. "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. तो जोड दुरुस्त होईपर्यंत गाडीत कोणालाही बसवू नका.

आता गॅरेजला कसं बोलायचं. आम्ही एका कागदावर लिहून नेतो. आवाज कधी येतो, थंड गाडीत की तापल्यावर. रेस दिल्यावर काय होतं. क्लच दाबल्यावर काय होतं. कोणत्या बाजूने येतो. तेल केव्हा पाहिलं. हा कागद मिस्त्रीच्या हातात द्यायचा, आपण तोंडी परीक्षा द्यायची नाही. "खोलून पाहतो" म्हटलं तर आधी विचारायचं, खोलण्याचे किती आणि काही निघालं नाही तर किती. बदललेला जुना भाग परत मागायचा. मागितल्यावर राग आला तर आपल्याला जे कळायचं ते कळतं. पक्कं बिल घ्यायचं, गटाच्या वहीला ते लागतंच. आणि मोठा आकडा सांगितला तर दुसरीकडे दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही, मग पहिला मिस्त्री कोणाचा दीर असो की भाचा.

सगळेच आवाज 230 रुपयांत जात नाहीत, हेही सांगायला हवं. संक्रांतीनंतर आमच्या गाडीत वेगळा त्रास सुरू झाला. खडखड कमी, पण सगळी गाडीच थरथरायची, गिअरचा दांडा हातात नाचायचा, आणि इंजिन सुरू करताना, बंद करताना एक हिसका बसायचा. तिघींतली एक मुसळ चुकवत असेल तरीही असं होतं, म्हणून आधी प्लग पाहिले. एकाचं टोक काळंकुट्ट होतं, तो बदलला, थोडा फरक पडला, पण हिसका राहिला. हिसका म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती गेलेली. ती बदलायला इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो, ते घरी करायचं काम नाही. त्याच मुलाकडे दिलं, त्याला पूर्ण दिवस लागला आणि खर्च हजारांत गेला. बैठकीत ठराव केला, बिल वाचून दाखवलं, जुनी रबरं टेबलावर ठेवली. हातात घेऊन प्रत्येकीने पाहिली, चिरा पडून ती अक्षरशः सुटी झाली होती. त्या खर्चावर कोणी आवाज चढवला नाही.

आता गाडीच्या वहीत पेट्रोल आणि किलोमीटर यांच्या शेजारी आम्ही आणखी एक रकाना आखला आहे, आवाजाचा. गाडी परत आणणारीने त्यात लिहायचं, निदान "नाही" एवढं तरी. दोघी चालवतात, दोघींचे कान वेगळे, म्हणून ही वही कामाची ठरते. सध्या त्यात चार दिवसांपासून लिहिलेलं आहे, "सकाळी सुरू करताना चीं." हा खडखडाट नाही. पट्टा सैल झाला किंवा जुना झाला की गार, दमट सकाळी असा चीं आवाज येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत जातो. इंजिन बंद करून पट्टा मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्ध्या पेराएवढा दबावा, त्याहून जास्त नको. आमचा बराच जास्त दबतोय आणि कडेला तंतू सुटलेत. रविवारी सकाळी पट्टा बदलायचा आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी आठपर्यंत यावं, सलवार घालून यावं, आणि येताना एक जुनं फडकं आणावं.